प्रवेश परीक्षा केव्हा द्यावी? – अकरावीपासूनच्या नियोजनाचा विचार

सन २०२५ मध्ये राज्यातील बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यापुढे जे वेळापत्रक होते, ते एका कागदावर मांडून पाहिले असता पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. जेईई मेन या अखिल भारतीय परीक्षेचे पहिले सत्र २२ जानेवारीस सुरू झाले. २४ जानेवारीपासून राज्य मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षांना आरंभ झाला. मंडळाची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीस सुरू होऊन १८ मार्चपर्यंत चालली. २ एप्रिलपासून जेईई मेनचे दुसरे सत्र, ९ एप्रिलपासून राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतील जीवशास्त्र गटाचे पेपर, १९ एप्रिलपासून गणित गटाचे पेपर, ४ मे रोजी वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट, ५ मे रोजी बारावीचा निकाल आणि १८ मे रोजी जेईई अॅडव्हान्स्ड. चार महिन्यांहून कमी काळात हे सारे आले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने यांपैकी किती परीक्षा द्याव्यात, कोणती कोणत्या सत्रात द्यावी आणि कोणती सोडून द्यावी, हा निर्णय जानेवारीत घ्यावयाचा म्हटला तर तो घेतलाच जात नाही. मित्र जो अर्ज भरतो तोच भरला जातो.

शहरातील सुस्थित कुटुंबात हा विचार दहावीच्या निकालापासूनच सुरू होतो. खासगी शिकवणी वर्ग तो पालकांच्या वतीने करतात व त्याचे मोलही घेतात. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलामुलींसाठी हा विचार कोणी करावयाचा, हा या लेखाचा विषय आहे.

कोणती परीक्षा कोणत्या दारासाठी

परीक्षांची नावे सर्वांना ऐकून माहीत असतात; परंतु कोणत्या परीक्षेने कोणते दार उघडते, याविषयी पालकांमध्ये अद्याप बराच संभ्रम आढळतो. जेईई मेन ही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व तत्सम केंद्रीय संस्थांसाठी आहे. तिच्यातील अग्रक्रमाच्या अडीच लाख उमेदवारांनाच आय.आय.टी.साठीच्या जेईई अॅडव्हान्स्डला बसता येते. वैद्यकीय, दंतवैद्यकीय व आयुर्वेदादी शाखांचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. राज्यातील अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांसाठी, तसेच राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमएचटी-सीईटी हा मुख्य मार्ग आहे.

या तीन परीक्षांच्या अभ्यासक्रमांत एक भेद आहे आणि वेळेच्या नियोजनाचे मूळ त्यातच आहे. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या पाठ्यक्रमाला सुमारे २० टक्के व बारावीच्या पाठ्यक्रमाला सुमारे ८० टक्के महत्त्व असते. प्रश्न राज्य मंडळाच्या पाठ्यक्रमाच्या चौकटीत राहतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. जेईई व नीटमध्ये अकरावी आणि बारावी यांना जवळपास सारखेच स्थान असून चुकीच्या उत्तराचा गुण कापला जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जो विद्यार्थी अकरावीचे वर्ष 'बारावीला बघू' म्हणून ढिले सोडतो, त्याने नीट वा जेईईचा निर्णय अकरावीतच घेतलेला असतो. फक्त तो नकारात्मक असतो आणि त्याला त्याची जाणीव नसते. सीईटीच्या बाबतीत अशी चूक काही अंशी भरून काढता येते.

मंडळाच्या परीक्षेचे गुणही निरर्थक झालेले नाहीत. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व आय.आय.टी. यांच्या प्रवेशासाठी बारावीत ७५ टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के गुण, अथवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान ही अट आहे. नीटमधून प्रवेश घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांत ५० टक्के, तर राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला ४० टक्के गुण आवश्यक असतात. प्रवेश परीक्षेच्या मागे लागून मंडळाची परीक्षा हातची घालविलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

जानेवारीचे सत्र

राष्ट्रीय चाचणी संस्थेने सन २०१९ पासून जेईई मेन वर्षातून दोनदा घेण्यास आरंभ केला. महासाथीच्या काळात २०२१ मध्ये ती चार वेळा झाली आणि २०२३ पासून जानेवारी व एप्रिल असा क्रम पुन्हा बसला. दोन्ही सत्रे दिल्यास ज्यात गुण अधिक ते ग्राह्य धरले जातात. पहिले न देता थेट दुसरेही देता येते. 'दोनदा संधी आहे, मग का सोडावी?' हा प्रश्न म्हणून स्वाभाविक ठरतो.

त्याचे उत्तर विद्यार्थ्यागणिक वेगळे आहे. ज्याचा दोन्ही वर्षांचा पाठ्यक्रम नोव्हेंबरअखेर पूर्ण झाला आहे आणि ज्याने डिसेंबरात पूर्ण वेळेच्या आठ-दहा सराव परीक्षा दिल्या आहेत, त्याच्यासाठी जानेवारीचे सत्र खरोखर उपयुक्त आहे. गुण चांगले आले तर एप्रिलचा भार हलका होतो. कमी आले तर कोठे कमी पडलो ते दोन महिने आधी कळते. परंतु राज्य मंडळाच्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत पाठ्यक्रम डिसेंबरअखेर वा जानेवारीत पूर्ण होतो. अशा विद्यार्थ्याने जानेवारीत परीक्षा देणे म्हणजे न शिकलेल्या धड्यांवर प्रश्न सोडविणे होय. 'अनुभव येईल' असे त्याला सांगितले जाते. त्या अनुभवाची किंमत मात्र कोणी मोजत नाही: अर्जाचे शुल्क, जिल्ह्याच्या वा शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणचे केंद्र, सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर गेलेला पंधरवडा. वर निकालात हाती येणारा कमी आकडा मंडळाच्या लेखी परीक्षेआधी काही दिवस मन खच्ची करतो. संगणकावर परीक्षा देण्याचा सराव हाच हेतू असेल, तर राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या संकेतस्थळावरील सराव चाचण्या विनामूल्य आहेत आणि शाळेच्या संगणक कक्षात शनिवारी दुपारी त्या घेता येतात. उंदीर हातात धरून तीन तास प्रश्न सोडविणे ज्याने कधी केले नाही, त्याला त्याची गरज निश्चितच आहे. पण ती गरज परीक्षा शुल्क भरूनच भागली पाहिजे असे नाही.

ज्याचे लक्ष्य राज्यातील शासकीय वा खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय हे आहे, त्याने जानेवारीत जेईई न दिल्याने काहीही बिघडत नाही. त्याचा काळ मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा आहे. मंडळाचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यामध्ये मिळणारे हे चार-पाच आठवडे हीच त्याची खरी भांडवली गुंतवणूक. याच काळात एप्रिलची जेईई 'जाता जाता' दिली तरी चालते, कारण विषय तेच असतात. उलट, सीईटीच्या दोन्ही गटांसह जेईई आणि नीट अशा सगळ्याच परीक्षा देऊ पाहणारा विद्यार्थी गणित आणि जीवशास्त्र यांच्यामध्ये ओढला जातो. चार विषय घेतलेल्या विद्यार्थ्याने बारावीच्या सहामाही परीक्षेनंतर एक गट निश्चित करावा, हे बरे. दोन्ही दरडींवर पाय ठेवून नदी ओलांडता येत नाही.

राज्याच्या सीईटीबाबतही आता सत्रांचा विचार करावा लागेल. २०२६-२७ च्या प्रवेशांसाठी अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी गटांची ही परीक्षा एप्रिल व मे अशी दोन वेळा घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर करण्यात आला. पहिली परीक्षा सर्वांना, दुसरी ऐच्छिक आणि दोहोंतील सरस पर्सेंटाइल ग्राह्य, असे त्याचे स्वरूप आहे. हा बदल ग्रामीण विद्यार्थ्याच्या हिताचा आहे. एका दिवसाचा ताप किंवा चुकलेली गाडी यामुळे वर्ष वाया जाण्याची भीती त्याने कमी होते. तथापि दुसरी संधी आहे म्हणून पहिली सैलपणे देणे हा त्याचा अर्थ नव्हे. मे महिन्यात नीटही असते.

पर्सेंटाइलचा अर्थ

सत्र निवडताना पालकांकडून नेहमी विचारले जाते की, कोणत्या सत्राचा पेपर सोपा असतो? हा प्रश्न पर्सेंटाइलचा अर्थ नीट न कळल्यामुळे येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. समजा, एका पाळीत २०,००० विद्यार्थी बसले आणि एकास ९० पर्सेंटाइल मिळाले, तर १८,००० विद्यार्थ्यांचे गुण त्याच्याइतके वा त्याहून कमी आहेत एवढाच त्याचा अर्थ. पेपर अवघड असला तर सर्वांचेच गुण उतरतात व विद्यार्थ्याचे स्थान तेथेच राहते. म्हणून सोप्या पाळीच्या शोधात राहणे व्यर्थ आहे. शिवाय दिवस व पाळी उमेदवाराने निवडावयाची नसतेच. ती परीक्षा घेणारी संस्था ठरविते.

शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर मांडून अकरावीच्या वर्गात एकदा समजावून द्यावे. पालकसभेत तर ते अवश्य सांगावे. मुलाला '८० आले' हे ऐकून पेढे वाटणारे आणि अशा स्थानावर हवी ती शाखा मिळत नाही हे प्रवेशफेरीत कळल्यावर निराश होणारे पालक पुष्कळ आहेत.

भाषेचीही एक नोंद करणे अगत्याचे आहे. जेईई मेन व नीट या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध होतात; पण भाषेची निवड अर्ज भरतानाच करावी लागते. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राला इंग्रजी, मराठी व उर्दू हे पर्याय असून गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. जेईई अॅडव्हान्स्ड इंग्रजी व हिंदीतच होते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने कोणत्या भाषेत परीक्षा द्यावयाची, हे त्याने अकरावीत कोणत्या भाषेत विषय वाचले यावरून ठरावे. ऐन वेळी भाषा बदलणे दोन्हीकडून तोट्याचे होते.

वय, प्रयत्न आणि पुन्हा एक वर्ष

परीक्षा केव्हा द्यावी याला वयाचीही मर्यादा आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शाळेत लवकर घातलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हे आधीच तपासले पाहिजे. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा, साधारणतः एप्रिल व सप्टेंबर महिन्यांत घेतो. तेथे वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची आहे. बारावीत शिकणाऱ्यास अर्ज करता येतो, अकरावीत शिकणाऱ्यास येत नाही. म्हणजे बारावीच्या वर्षातील सप्टेंबरची परीक्षा ही बहुतेकांची पहिली संधी असते आणि तिचा अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपासच भरावा लागतो. मुलींना हे दार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये खुले झाले. तरी ग्रामीण भागातील अनेक मुलींपर्यंत ही माहिती पोहोचावयाची आहे.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा विचार मात्र सावधपणे करावा. जेईई मेन बारावीच्या वर्षासह सलग तीन वर्षे देता येते. अॅडव्हान्स्डचे प्रयत्न दोनच आणि तेही सलग दोन वर्षांत. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि त्यामुळेच तेथे दोन-दोन, तीन-तीन वर्षे घालविणारे अधिक दिसतात. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे खोली घेऊन राहणे, खाणावळ आणि शिकवणीचे शुल्क यांचा वर्षाचा खर्च अल्पभूधारक कुटुंबाला कर्जाशिवाय झेपत नाही. अपेक्षित गुण थोडक्यात हुकले असतील आणि कोणता विषय कमी पडला हे स्पष्ट असेल, तर एक वर्ष देणे समर्थनीय म्हणता येईल. पहिल्या वर्षी पाठ्यक्रमच अर्धा राहिला होता आणि घरची परिस्थिती बदललेली नाही, अशा ठिकाणी मुलाला मिळत असलेल्या चांगल्या पदवी अभ्यासक्रमात दाखल करणे हिताचे ठरते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन, प्रवेश परीक्षा न देता अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, हा मार्गही राज्यात फार वर्षांपासून आहे. तो कमी प्रतीचा समजण्याची प्रथा का पडली, हे कळत नाही.

प्रयत्नांचे नियम ऐकीव माहितीवर ठरवू नयेत. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेईई अॅडव्हान्स्डचे प्रयत्न दोनावरून तीन केल्याचे जाहीर झाले आणि १८ नोव्हेंबरला तो निर्णय मागे घेण्यात आला. मधल्या तेरा दिवसांत काही विद्यार्थ्यांनी चालू शिक्षण सोडले. त्यांचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याच राज्यात २०१४ व २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीऐवजी जेईई मेनच्या आधारे झाले होते आणि २०१६ मध्ये सीईटी परत आली. शिक्षकाने त्या त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका वाचूनच सल्ला द्यावा.

अर्ज आणि दाखले

परीक्षेची तारीख चुकून संधी गेली असे क्वचित घडते. अर्जाची किंवा दाखल्याची तारीख चुकून ती जाते, हे वारंवार घडते. २०२५ च्या जेईई मेन पहिल्या सत्राचे अर्ज २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन २२ नोव्हेंबरला संपले, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत. नीटचे अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात, म्हणजे नेमके मंडळाची लेखी परीक्षा चालू असताना भरले गेले. अर्ज भरावयास विद्यार्थी तालुक्याच्या संगणक केंद्रावर जातो, तेथील चालक घाईत स्वतःचाच भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल टाकून मोकळा होतो आणि पुढे प्रवेशपत्र काढताना वा प्रवेशफेरीत परवलीचा शब्द मागितला की तो चालक सापडत नाही. हा क्रमांक घरातीलच असावा व दोन वर्षे बदलू नये, एवढी एक सूचना वर्गात दिली तरी अनेकांचा मनस्ताप वाचेल.

नावाचीही तीच कथा. आधार कार्डावर आडनाव शेवटी, दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी, कोठे वडिलांचे नाव गाळलेले, कोठे इंग्रजी स्पेलिंग निराळे. ही दुरुस्ती अकरावीच्या पहिल्या सत्रात करून घेतली तर सहज होते. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात ती होत नाही.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जात वैधता प्रमाणपत्र हा सर्वांत अधिक वेळ घेणारा दाखला होय. अकरावी-बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव महाविद्यालयामार्फत पडताळणी समितीकडे पाठविण्याची सोय आहे. तिचा लाभ अकरावीतच घेतला पाहिजे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र राज्यातील प्रवेशांसाठी ३१ मार्चपर्यंतच्या मुदतीचे असते. केंद्रीय संस्थांच्या प्रवेशफेरीसाठी ते वेगळ्या, म्हणजे केंद्र शासनाच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले लागते. एकच दाखला दोन्हीकडे चालेल अशा समजुतीत राहिलेला विद्यार्थी जून महिन्यात तहसील कार्यालयाच्या रांगेत उभा असतो. मुलींच्या बाबतीत उत्पन्नाच्या दाखल्याचे महत्त्व आता अधिक आहे. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेवरच असते. प्रवेशफेरी चुकवून संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही.

बीड, अहिल्यानगर व लगतच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांच्या मुलांची अडचण याहून वेगळी आहे. आईवडील ऑक्टोबरात कारखान्यांच्या भागात जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. अर्ज, शुल्क आणि दाखले यांचा सारा काळ नेमका तोच. मूल वसतिगृहात किंवा आजीजवळ असते. पालकाची स्वाक्षरी, शिधापत्रिका, जमिनीचा उतारा यांपैकी काही हाताशी नसते. अशा गावांतील ग्रामपंचायतींनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कामगार निघण्यापूर्वी, अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची यादी करून त्यांचे उत्पन्न, अधिवास व जातीचे दाखले एकाच शिबिरात काढून घ्यावेत. तलाठी व सेतु केंद्राचा चालक एका दिवसासाठी गावात आणणे ही अशक्य गोष्ट नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या अखत्यारीतील गोष्टी

मुख्याध्यापक व प्राचार्यांच्या हाती असलेली एक साधी गोष्ट म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेच्या तुकड्या. जेईईला बसणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी डिसेंबरातच करून त्यांना नंतरच्या तुकडीत ठेवले, तर २०२५ प्रमाणे दोन परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तरी कोणाचे प्रात्यक्षिक बुडणार नाही. पाठ्यक्रमाची आखणीही अशीच. भौतिकशास्त्र व गणित या विषयांचे बारावीचे शिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, एप्रिलमध्येच सुरू करणाऱ्या महाविद्यालयांना दिवाळीनंतर उजळणीला महिना मिळतो.

इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूर येथील महाज्योती ही संस्था जेईई, नीट व सीईटीचे विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठीचे अर्ज दहावी उत्तीर्ण होऊन अकरावी विज्ञानात प्रवेश घेतलेल्यांकडून मागविले जातात, बारावीत गेल्यावर नव्हे. त्यामुळे ही माहिती माध्यमिक शाळांनी दहावीचा निकाल वाटतानाच द्यावयास हवी. गुणपत्रिका घेण्यास त्या दिवशी पालक बहुधा स्वतः आलेले असतात. पुढची दोन वर्षे ते पुन्हा शाळेत येतीलच असे नाही.